पार्श्वभूमी : पॅक-12 एका दिवसात का फुटली?

शुक्रवार, 4 ऑगस्ट 2023. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-12 या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल कॉन्फरन्समधून त्या एका दिवसात पाच विद्यापीठं बाहेर पडली. ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठं बिग टेन या प्रतिस्पर्धी कॉन्फरन्सकडे गेली. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे. 1915 साली ज्या चौघांनी या कॉन्फरन्सचा पाया घातला, त्यांतलं ओरेगन स्टेट मागेच राहिलं.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारपाजारच्या विद्यापीठांनी एकमेकांशी दरवर्षी खेळण्यासाठी बांधलेला गट. हे शेजारपण टीव्हीच्या पैशाने मोडलं. त्याची सुरुवात चाळीस वर्षं आधीची आहे.

1950 च्या दशकापासून सामन्यांचं प्रक्षेपण एनसीएए या कॉलेज खेळांच्या मध्यवर्ती संघटनेच्या हाती होतं. कोणताही संघ दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर दिसेल, असा तिचा 1980 च्या दशकातला नियम होता. 1981 मधली एका आठवड्याअखेरची गोष्ट. ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी हा सामना दोनशेहून अधिक स्टेशनांनी दाखवला. त्याच वेळी सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा सामना फक्त चार स्टेशनांवर होता. पैसे मात्र चारही विद्यापीठांना सारखेच मिळाले. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी या व्यवस्थेविरुद्ध दावा लावला आणि 27 जून 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडीत काढली. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा खेळ शिक्षणापासून तुटून निव्वळ धंद्याकडे जाईल, ही त्यांची भीती आज वाचताना अंगावर येते.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच होता, असं मला वाटतं. पण आपला सामना आपण विकायचा म्हटल्यावर कोणाबरोबर बसून विकायचा, हा प्रश्न आलाच. 1990 मध्ये नोटर डेम विद्यापीठाने एनबीसी या टीव्ही वाहिनीशी स्वतंत्र करार केला. टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स 1996 मध्ये बंद पडली. तिच्यातली चार विद्यापीठं नव्या बिग 12 मध्ये गेली. राइस, ह्यूस्टन, टीसीयू आणि डॅलसचं एसएमयू वाऱ्यावर सुटली.

मग केबल आली आणि हिशेबच बदलला. बिग टेनने 2007 मध्ये स्वतःचं चॅनेल सुरू केलं. ज्या राज्यात कॉन्फरन्सचा सदस्य आहे, तिथल्या केबलधारकामागे चॅनेलला कितीतरी पट जास्त दर मिळायचा आणि तो सामना न बघणाऱ्या घराच्या बिलातूनही वसूल व्हायचा. मेरीलँड आणि रटगर्स 2014 मध्ये बिग टेनमध्ये आली, त्यामागे राजधानी वॉशिंग्टन डी.सी. आणि न्यूयॉर्क परिसरातल्या या घरांचीच मोजणी होती. रटगर्सच्या फुटबॉलची कामगिरी हे त्यामागचं मुख्य कारण नव्हतं.

वाटणीवरूनही घरं फुटली. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने 2011 मध्ये एकट्या टेक्सास विद्यापीठासाठी लाँगहॉर्न नेटवर्क हे चॅनेल काढलं. करार 20 वर्षांचा, 30 कोटी डॉलरचा. पुढच्याच वर्षी टेक्सास ए अँड एम आणि मिझुरी बिग 12 सोडून एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये गेली. 2021 मध्ये खुद्द टेक्सास आणि ओक्लाहोमानेही तीच वाट धरली.

2022 मध्ये यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं बिग टेनकडे वळल्यावर पॅक-12 च्या हातून तिथली बाजारपेठ गेली. त्याच उन्हाळ्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पॅक-12 पुढे ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव होता. त्यात वर्गणीदार वाढले तरच रक्कम वाढणार होती. ती जोखीम घ्यायला बहुतेक जण तयार झाले नाहीत.

याची झळ फुटबॉलपटूंपेक्षा इतर खेळाडूंना जास्त बसते. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदाच असतो. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना मात्र कॉलेज सांभाळून, आता बिग टेन या एकाच कॉन्फरन्समध्ये असलेल्या न्यू जर्सी (रटगर्स) ते लॉस एंजेलिस या जवळपास चार हजार किलोमीटरच्या पट्ट्यात ये-जा करावी लागते.

1996 मध्ये मागे राहिलेलं एसएमयू अखेर 2024 मध्ये एसीसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये दाखल झालं. त्यासाठी एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला आपला वाटा नऊ वर्षं न घेण्याचं त्याने कबूल केलं.