केमोच्या आधी वीर्य साठवताना

केमोची तारीख मिळाली की घरात पैसे, रजा, मुक्काम यांची जुळवाजुळव सुरू होते आणि पुढे मूल व्हावं म्हणून वीर्य साठवायचा विषय मागे पडतो. तो पहिल्या सलाईनच्या आधीच उरकायला हवा. केमो सुरू झाल्यावर दिलेल्या नमुन्यात शुक्राणूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते, म्हणून तो घेणं आम्ही वीर्यपेढीत टाळतो.

वृषणात शुक्राणू बनवणाऱ्या पेशी सतत विभागत असतात आणि केमोचा मारा नेमका अशाच पेशींवर असतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी त्या मानाने चिवट. त्यामुळे इच्छा आणि ताठरता पूर्ववत असूनही वीर्यात शुक्राणू शून्य असू शकतात. शून्य रिपोर्ट म्हणजे नपुंसकत्व नव्हे, हे घरच्यांनाही सांगा.

धोका औषधावर आणि एकूण डोसवर ठरतो. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बझिन, बुसल्फान, मेल्फालन ही नावं चिठ्ठीवर असतील तर अजिबात थांबू नका. हॉजकिन्स या लसिका गाठींच्या कॅन्सरवरच्या एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोनंतर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, वृषणाच्या कॅन्सरमधल्या बीईपी या तीन औषधांच्या केमोनंतरही बऱ्याच जणांचे. मात्र त्याला काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत वेळ लागतो. रेडिएशनचा 6 ग्रेपेक्षा (ग्रे हे त्या डोसचं एकक) जास्त डोस वृषणांना मिळाला तर शुक्राणू परतण्याची आशा फारशी नसते. पोटामागच्या गाठी काढताना नसा दुखावल्या, तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. तृप्ती जाणवते, पण बाहेर काहीच येत नाही.

नमुन्याआधी 2 ते 5 दिवस वीर्यपतन टाळा. तेवढी सवड नसेल तर एका दिवसाच्या अंतराने दोन-तीन नमुने द्या. त्यासाठी केमो लांबवू नका. हात धुऊन कोरडे करा, आम्ही दिलेल्या निर्जंतुक डबीतच नमुना घ्या. तेल, थुंकी, साबण, नेहमीचा कंडोम वापरू नका, त्यांनी शुक्राणू मरतात. पहिला भाग सांडला तर लपवू नका, सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. घरून आणत असाल तर डबी शर्टाच्या आत अंगालगत ठेवून तासाभरात पोचवा. बर्फात ठेवून आणलेला नमुना जवळपास वायाच जातो, आणि असे नमुने बरेच येतात.

इथे आम्ही संख्या आणि हालचाल तपासतो, गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून संरक्षक द्रव मिसळतो आणि छोट्या कुप्यांमध्ये भरून उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. वितळवल्यावर बऱ्याच शुक्राणूंची हालचाल थांबते, म्हणूनच कुप्या जास्त लागतात. वृषणाचा कॅन्सर आणि हॉजकिन्समध्ये उपचाराआधीच संख्या कमी असणं नेहमीचंच. रिपोर्ट पाहून ‘मग राहू दे’ म्हणू नका. इक्सीत, म्हणजे प्रयोगशाळेत सुईने शुक्राणू थेट बीजांडात सोडतात त्या पद्धतीत, एका बीजांडाला एकच शुक्राणू पुरतो.

येताना ओळखपत्र आणि कर्करोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणा. एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिसच्या तपासण्या लागतात. 2021च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार, तुमचं बरंवाईट झालं तर नमुन्याचं काय करायचं हे लेखी द्यावं लागतं. तो रकाना भरताना वडील, काका बाहेर बसतील, तशी सोय आम्ही करतो. नमुना जमलाच नाही तरी लाजू नका, आजारपणात आणि धास्तीत असं होतं. वृषणातून सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने शुक्राणू काढता येतात.

केमो चालू असताना कंडोम वापराच, कारण औषधाचा अंश वीर्यात उतरतो. उपचार संपल्यावरही निदान वर्षभर, किंवा तुमचे डॉक्टर सांगतील तोवर, गर्भ राहू देऊ नका. ताठरता कमी झाली असेल तर सकाळी टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. पण मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा जेल स्वतःहून सुरू करू नका. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि परतू लागलेले शुक्राणूही बंद होतात.