बोट लागणे (स्कुबा डायव्हिंग करताना)

समुद्रात बोट डोलायला लागली की मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो आणि शेवटी ओकारी होते, याला बोट लागणे म्हणतात. चिखलदऱ्याच्या घाटात ज्याला एसटी लागते त्याला वेगळं सांगायला नको, दुखणं तेच, फक्त इथं गाडी थांबवून खाली उतरता येत नाही.

कारण पोटात नसतं, कानात असतं. आतल्या कानातल्या नळ्या मेंदूला सांगतात की आपण हलतोय, डोळ्यांना मात्र बोटीची फळी जागच्या जागी दिसते, मग मेंदू गोंधळतो. एसटीच्या ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेल्याला लागते ते यामुळंच. आपल्याकडची विहिरीत उड्या मारून वाढलेली पोरं म्हणतात "आमाले काय होते", पण पोहता येण्याचा याच्याशी काहीच संबंध नाही, विहिरीच्या पाण्याला लाटा नसतात.

विदर्भातून मालवण-तारकर्लीला स्कुबासाठी, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली फिरायला जाणारे बरेच जण रात्रभर प्रवास करून सकाळी थेट बोटीत बसतात, हे टाळाच, जागरणानं त्रास वाढतो. आदल्या रात्री झोप, सकाळी हलकं खाणं, तर्री अजिबात नको. बोटीत मधोमध, डिझेलच्या धुरापासून लांब बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. सिनारिझिनसारखी गोळी निघायच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. तिनं झोप येते आणि पाण्याखाली गुंगी धोक्याची, म्हणून डॉक्टरला विचारून आधी घरी घेऊन बघावी.

पाण्याखाली खोल गेलं की लाटांचा जोर कमी होतो आणि बऱ्याच जणांना बरं वाटतं, पण उथळ जागी तळाचं पाणीही मागंपुढं झुलत राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याखाली उलटी आली तर तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, काढायचं नाही. हातानं घट्ट धरून त्यातूनच ओकायचं आणि मग त्यावरचं पर्जचं, म्हणजे हवेच्या झोतानं आतलं बाहेर फेकणारं बटण दाबून ते साफ करायचं, कारण उलटीनंतर माणूस आपोआप जोरात श्वास ओढतो आणि तोंड उघडं असलं तर पाणी थेट छातीत जातं. रेग्युलेटर तुंबलंच तर दुसरं, जादाचं तोंडात घ्यायचं. घाबरून श्वास रोखत वर पळायचं नाही, त्यानं फुप्फुसाला इजा होते. इन्स्ट्रक्टरला सपाट हात डावी-उजवीकडं हलवून पोटाकडं बोट दाखवायचं, अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "वर चला" असा होतो.

बोटीतच सारख्या उलट्या होत असतील तर पैसे गेले तरी चालतील पण पाण्यात उतरू नये, अंगातलं पाणी कमी झालेल्याला डीकंप्रेशनचा, म्हणजे वर येताना रक्तात हवेचे बुडबुडे होण्याचा धोका जास्त असतो.