टोके नसलेल्या साखळीचे स्फटिक

रबराचा रेणू म्हणजे लहान लहान वलयांचा घोळका, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल हॅरिस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडले होते. लांब साखळी मानायची तर तिची टोके दिसायला हवीत, आणि ती कुणाला सापडत नव्हती. वलयाला टोक नसतेच, त्यामुळे तो प्रश्नच मिटायचा. 1920 मध्ये हर्मान श्टाउडिंगर यांनी महारेणूंची, म्हणजे लांबच लांब साखळीच्या रेणूंची, कल्पना मांडली, आणि दोन वर्षांनी रबरात हायड्रोजन भरूनही ते कलिलासारखेच, म्हणजे मोठ्या कणांच्या द्रावणासारखेच, वागते हे दाखवून हॅरिसच्या घोळक्याला धक्का दिला. वलयांना एकत्र धरणारे मानलेले दुहेरी बंध हायड्रोजनने संपले, तर घोळका विखुरायला हवा होता. टोके सापडत नव्हती, कारण हजारो दुव्यांच्या साखळीत दोन टोके म्हणजे समुद्रात खसखस.

वलय असे बाजूला पडले आणि पुढची काही दशके पॉलिमर (अशा महारेणूंचे पदार्थ) म्हणजे सरळ साखळी हेच चित्र राहिले. ही साखळी स्फटिकात बसते कशी, हे कोडे 1957 मध्ये ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी सोडवले. पॉलिएथिलीनच्या विरळ द्रावणातून मिळालेले पापुद्रे जेमतेम 10 नॅनोमीटर जाड होते, आणि साखळ्या पापुद्र्याच्या पृष्ठभागाला जवळपास लंब उभ्या होत्या. ताणून धरली तर यातली एकेक साखळी शेकडो नॅनोमीटर भरेल. ती एवढ्या पातळ पापुद्र्यात मावणार ती दुमडूनच, साडीच्या निऱ्यांसारखी. निऱ्या जितक्या आखूड तितका पापुद्रा पातळ, आणि पापुद्रा जितका पातळ तितका तो कमी तापमानाला वितळतो. कारण दुमडीच्या जागी ऊर्जेचा भुर्दंड पडतो, आणि पातळ पापुद्र्यात पृष्ठभागाचा वाटा मोठा असतो.

मग टोके नसतील तर काय होईल? आखूड साखळीला न दुमडता सरळ उभे राहण्याची मुभा असते. 1985 मध्ये अचूक लांबीच्या अल्केनांवर (कार्बन आणि हायड्रोजनच्या साध्या साखळ्यांवर) दिसले की 150 कार्बनांच्या आसपास पोहोचल्यावरच साखळी घडी घालू लागते. वलयाला अशी मुभा मुळातच नाही. ते चपटे होऊन स्फटिकात शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना वळण घ्यावेच लागते. त्याच वर्षी ली आणि वेग्नर यांनी चक्रीय अल्केने 288 कार्बनांपर्यंत तयार केली. त्यानंतर 1990 च्या दशकात मँचेस्टरमध्ये कॉलिन बूथ यांच्या गटाने पॉलिएथिलीन ऑक्साइडची आखूड वलये तपासली. ती तेवढ्याच वस्तुमानाच्या सरळ साखळीपेक्षा कमी तापमानाला वितळत होती.

इथवर गोष्ट सरळ वाटते. पण मोठ्या वलयांकडे वळले की वेगळाच हिशेब पुढे येतो. वितळबिंदू म्हणजे वितळताना लागणारी उष्णता भागिले वाढणारी एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूला किती तऱ्हांनी मांडता येते याचे माप. वितळल्यावर सरळ साखळी हवे तसे हातपाय पसरते. वलयाचे हात बांधलेले, त्याला तेवढ्या तऱ्हा जमत नाहीत. एन्ट्रॉपीची वाढ कमी, म्हणजे भाजक लहान आणि वितळबिंदू वर. शिवाय आदर्श वलयाच्या परिभ्रमण त्रिज्येचा (रेणू किती पसरला आहे याच्या मापाचा) वर्ग तेवढ्याच लांबीच्या साखळीच्या निम्मा असतो. ते आटोपशीर असते, त्याचा गुंताही कमी होतो, म्हणून ते स्फटिकाच्या कडेपर्यंत लवकर पोहोचू शकते.

हे पडताळायला हवीत निखळ वलये, आणि खरी अडचण तिथेच होती. दोन टोके विरळ द्रावणात जोडायची, तर काही साखळ्या न जुळता तशाच राहतात. वस्तुमान सारखेच, मग वेगळ्या काढायच्या कशा? विशेष क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले रेणू वेगळे करण्याची पद्धत) हाताशी येईपर्यंतच्या जुन्या आकड्यांकडे मी तरी जरा संशयानेच पाहतो. 2002 मध्ये रॉबर्ट ग्रब्ज यांच्या गटाने वेगळी वाट काढली. उत्प्रेरकालाच वलय केले आणि वाढत्या साखळीला टोक पडूच दिले नाही. 2006 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात स्कॉट ग्रेसन यांच्या प्रयोगशाळेने एका टोकाला अझाइड, दुसऱ्याला अल्काइन हे एकमेकांशी चटकन जुळणारे गट लावून ‘क्लिक’ अभिक्रियेने वलय मिटवले.

याच प्रयोगशाळेतल्या पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरच्या वलयांवर व्हेनेझुएलातल्या काराकासमध्ये आलेहांद्रो म्युलर यांच्या गटाने काम केले. 2011 च्या निष्कर्षानुसार वलये सरळ साखळ्यांपेक्षा वेगाने स्फटिक बनवत होती आणि अधिक तापमानाला वितळत होती. सगळेच पॉलिमर इतके आज्ञाधारक नाहीत. पदार्थ, वलयाची लांबी आणि थंड करण्याची गती बदलली की निकालही बदलतो.

आणि भेसळ. वितळलेल्या वलयांत थोड्या सरळ साखळ्या मिसळल्या की त्या सुईत दोरा ओवावा तशा वलयांतून आरपार जातात. ओवलेले वलय मोकळेपणाने हलू शकत नाही, आणि स्फटिक बनण्याचा वेग घटतो.