शून्य निष्कर्षांचे प्रकाशन

प्रयोगात किंवा चाचणीत अपेक्षित परिणाम आढळला नाही, दोन गटांत फरक दिसला नाही, किंवा परिकल्पनेच्या उलटच घडले, तरी तो निष्कर्ष शोधनिबंधाच्या रूपाने जाहीर करणे. फरक न आढळल्यास शून्य निष्कर्ष आणि अपेक्षेविरुद्ध गेल्यास नकारात्मक निष्कर्ष असे म्हणतात; व्यवहारात दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. फसलेला प्रयोग मात्र वेगळा. उपकरण बिघडले किंवा नमुने दूषित झाले तर काहीच कळत नाही. परिणाम खरोखर असता तर या मांडणीत तो दिसलाच असता, अशी खात्री देता आली तरच शून्य निष्कर्षाला मोल येते. वीस रुग्णांच्या चाचणीत फरक दिसला नाही, एवढ्यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही.

भौतिकशास्त्रात अशा निष्कर्षांना पहिल्यापासून मान आहे. मायकेलसन आणि मॉर्ली यांना १८८७ साली क्लीव्हलंड येथे ईथरमधून (प्रकाश वाहून नेणारे म्हणून तेव्हा मानलेले माध्यम) होणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा अपेक्षित मागमूस मिळाला नाही, आणि तोच प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकात प्रोटॉनचा ऱ्हास, म्हणजे अणुकेंद्रातील या कणाचे आपोआप तुटणे, शोधला. काही घटना तशा वाटल्याही, पण नंतरच्या मोठ्या प्रयोगांत ऱ्हास दिसला नाही. प्रोटॉनचे आयुर्मान निदान एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांचे असावे, असे आज म्हणता येते ते या न दिसण्याच्या जोरावरच.

मानसशास्त्र आणि वैद्यकात चित्र निराळे. थिओडोर स्टर्लिंग यांनी १९५९ साली मानसशास्त्राच्या चार नियतकालिकांची मोजदाद केली. सार्थकतेची कसोटी (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी) लावलेल्या २९४ निबंधांपैकी २८६ निबंधांत शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक, फेटाळलेली होती. इतके संशोधक इतक्या वेळा बरोबर ठरतात, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे. परिणाम न आढळलेले अभ्यास न छापता टेबलाच्या खणात पडून राहतात, हे रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ साली मांडले. या प्रवृत्तीला प्रकाशन-पक्षपात म्हणतात. दोष संपादकांचाच असतो असेही नाही. अमेरिकेतील सामाजिक सर्वेक्षण-प्रयोगांच्या २०१४च्या एका पाहणीत, शून्य निष्कर्ष आलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अभ्यास संशोधकांनी लिहूनच काढले नव्हते.

वैद्यकात या मौनाची किंमत रुग्ण मोजतात. १९८० साली ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर लॉरकेनाइड हे हृदयाची लय सुधारणारे औषध ९५ रुग्णांवर तपासले गेले. औषध घेणाऱ्यांपैकी नऊ जण दगावले, प्लासिबो (औषधासारखे दिसणारे पण निष्क्रिय द्रव्य) घेणाऱ्यांपैकी एक. संशोधकांना तो योगायोग वाटला. व्यावसायिक कारणांनी औषध मागे पडले आणि चाचणीही अप्रकाशित राहिली. ती छापून आली १९९३ साली. दरम्यान याच वर्गातील औषधे सर्रास दिली जात होती. त्यांपैकी दोन औषधांनी मृत्यू वाढतात, हे १९८९ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत उघड झाले.

नैराश्यावरील औषधांबाबत २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला ताळेबंदही बोलका आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची नोंद होती. नियामकाच्या मते त्यांतील निम्म्याच, म्हणजे ३८, अनुकूल होत्या. त्यांपैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत आणि ११ अशा रीतीने लिहिल्या की त्या अनुकूल वाटाव्यात. त्यामुळे नियतकालिके वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे निकाल लागण्याआधीच अभ्यासाची नोंद करणे. नोंद नसलेली नवी औषधचाचणी छापायची नाही, असा नियम प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५पासून लागू केला. भारताची चाचणी-नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ साली औषधचाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. अर्थात नोंद झाली म्हणजे निकाल जाहीर झाला असे नव्हे. यापुढची पायरी 'कॉर्टेक्स' या नियतकालिकाने २०१३ साली गाठली: प्रश्न आणि पद्धत पाहूनच निबंध स्वीकारायचा, आकडे नंतर. मानसशास्त्रात अशा निबंधांत पहिली परिकल्पना खरी ठरण्याचे प्रमाण ४४ टक्के, तर नेहमीच्या निबंधांत ९६ टक्के आढळले.

जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात केलेली फलज्योतिषाची चाचणी हे मराठी वाचकाच्या ओळखीचे उदाहरण. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच त्याने सांगायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही किंचित कमी. सर्व २०० पत्रिका पाहणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. हा निबंध २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना कुतूहल असलेल्या विषयातला 'नाही' असा छापून येतो. एखाद्या खताच्या मात्रेने उत्पन्न वाढले नाही, या निष्कर्षाला वाली मिळणे कठीण. केवळ अशा निष्कर्षांसाठी २००२ साली निघालेले जैववैद्यकाचे एक नियतकालिक २०१७ साली बंद झाले. इतर नियतकालिके आता असे निबंध स्वीकारतात, असे कारण प्रकाशकांनी दिले.