व्हॅम्पायर प्रेमकथा आणि पुस्तकाआधी पोचणारा गाजावाजा

अमेरिकेत ५ ऑक्टोबर २००५ रोजी स्टेफनी मायर या नवख्या लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही बेला ही किशोरी आणि एडवर्ड हा व्हॅम्पायर यांच्या प्रेमाची कादंबरी बाजारात आली, तेव्हा तिच्यावरून कोणी हमरीतुमरीवर आले नव्हते. ग्रंथव्यवसायातील ‘पब्लिशर्स वीकली’ या साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम बालकुमार पुस्तकांत तिला जागा दिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षणाने कल्पना आकर्षक असली तरी लेखन कच्चे असल्याचे नोंदवले. नव्या पुस्तकाची दखल घ्यावी तशीच ही दखल होती. अवघ्या चार वर्षांत मात्र याच कादंबरीचे नाव निघताच एक बाजू तिचा उदोउदो करू लागली आणि दुसरी नाक मुरडू लागली. मधल्या काळात मजकुरातील अक्षरही बदललेले नव्हते.

मजकुराआधी त्याचा गाजावाजा पोचणे, हे इंग्रजीतील व्हॅम्पायरकथेच्या बाबतीत पहिल्यापासूनच घडत आले आहे. एप्रिल १८१९ मध्ये लंडनच्या ‘न्यू मंथली मॅगझीन’ने ‘द व्हॅम्पायर’ ही गोष्ट प्रख्यात इंग्रज कवी लॉर्ड बायरनच्या नावावर छापली. तिचा खरा लेखक जॉन पोलिडोरी हा बायरनचा तरुण डॉक्टर होता. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी बायरनने अर्धवट सोडलेल्या एका कल्पनेवरून त्याने ती लिहिली होती. बायरनने आणि पोलिडोरीने दोघांनीही खुलासा केला, तरी तोवर बायरनच्या कीर्तीच्या जोरावर गोष्ट युरोपभर पोचली होती आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या रंगभूमीवर तिचे नाटकही आले. कथेतील देखण्या, थंड रक्ताच्या उमरावाचे ‘रुथवेन’ हे नावही बायरनची पूर्वीची प्रेयसी लेडी कॅरोलाइन लॅम्ब हिने त्याच्यावर बेतलेल्या कादंबरीतून उचलले होते. त्यामुळे वाचक व्हॅम्पायरच्या आडून एका प्रसिद्ध माणसाची चर्चित प्रकरणेच वाचत होते. पोलिडोरी १८२१ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. लेखक म्हणून मिळायला हवे होते ते श्रेय त्याच्या हयातीत त्याला मिळाले नाही, याची रुखरुख आजही वाटते.

विसाव्या शतकात अमेरिकन लेखिका ॲन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ने (१९७६) व्हॅम्पायरलाच आपली व्यथा सांगायला लावले आणि त्याला जीव लावणारा वाचकवर्ग उभा राहिला. या कादंबरीवरील चित्रपटात लेस्टॅट या व्हॅम्पायरच्या भूमिकेसाठी टॉम क्रूझची निवड झाली तेव्हा चाहते खवळले आणि खुद्द राइस यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. १९९४ मध्ये तयार चित्रपट पाहिल्यावर त्यांनी तितक्याच जाहीरपणे क्रूझची प्रशंसा केली. न पाहिलेल्या कामाविषयीचे ठाम मत त्यांनी पाहिल्यावर बदलले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

‘ट्वायलाइट’च्या वेळी हा गाजावाजा इंटरनेटमुळे रोजचा झाला. पुढचा भाग येईपर्यंत वाचक तर्क लढवत, स्वतःच्या कथा रचत, एडवर्ड आणि बेलावर प्रेम करणारा, लांडग्याचे रूप घेणारा जेकब यांच्या नावांनी तट पाडत. २ ऑगस्ट २००८ रोजी चौथा भाग, ‘ब्रेकिंग डॉन’, मध्यरात्री विक्रीला आला. काळ्या मुखपृष्ठावर बुद्धिबळाच्या पटावरचा पांढरा वजीर, मागे लाल प्यादे आणि आत साडेसातशेहून अधिक पाने असलेले ते जाडजूड पुस्तक घेण्यासाठी मुली दुकानांत ताटकळत होत्या. पहिल्या चोवीस तासांत अमेरिकेत तेरा लाख प्रती खपल्या. त्यानंतरचा आवाज मात्र वेगळा होता: बेलाचे लग्न, बाळंतपण आणि जेकबचे त्या तान्ह्या मुलीशी जुळलेले अतूट बंधन वाचून अनेक निष्ठावंत चाहते दुखावले आणि काहींनी प्रती दुकानात परत करण्याचे आवाहन केले. वर्षभर मनात घडवलेल्या शेवटाशी छापील शेवटाची तुलना होत होती, आणि अशा तुलनेत कोणतीही लेखिका हरण्याचीच शक्यता अधिक.

नोव्हेंबर २००८ मध्ये ‘ट्वायलाइट’वरचा चित्रपट आला आणि गर्दी आणखी वाढली. २००९ च्या सॅन दिएगो कॉमिक-कॉन या कॉमिक्स-चित्रपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात ‘ट्वायलाइटने कॉमिक-कॉनची वाट लावली’ अशा अर्थाचे फलक घेऊन माणसे उभी राहिली. हा राग रांगेत बसलेल्या मुलींवर होता. त्याच वर्षी भयकथाकार स्टीफन किंग यांनी मायर यांना लिहिता येत नाही, असे स्पष्टच सांगितले. ते एका लेखकाचे लेखनाविषयीचे मत होते आणि त्यावर वाद घालता येतो. परंतु किशोरवयीन मुलींना आवडते म्हणून पुस्तक टाकाऊ, हा न्याय वेगळा आहे, आणि पुस्तक न उघडताही तो देता येतो.

या गदारोळात सर्वाधिक हानी झाली ती पुस्तक नीट वाचून केलेल्या टीकेची. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहतो, याला प्रेम म्हणावे का, हा प्रश्न चाहत्यांना शत्रूचा वाटला आणि विरोधकांना खिल्लीचे साधन. वॉशिंग्टन राज्यातील ला पुश येथे क्विल्यूट ही आदिवासी जमात खरोखर राहते. तिच्या परंपरेत लांडग्यांपासून उत्पत्तीची कथा असली, तरी याच जमातीतल्या जेकबच्या टोळीचे व्हॅम्पायरशी वैर ही कादंबरीतली कल्पना आहे. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने या जमातीच्या सहकार्याने खरा इतिहास मांडणारे स्वतंत्र संकेतस्थळ तयार केले, पण दोन तटांच्या भांडणात त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले.

एडवर्डच्या बाजूने सांगितलेली ‘मिडनाइट सन’ अपुरा मसुदा फुटल्यामुळे २००८ मध्ये थांबली होती. ती ४ ऑगस्ट २०२० रोजी निघाली आणि आठवडाभरात दहा लाख प्रती खपल्या. ‘ब्रेकिंग डॉन’साठी मध्यरात्री जागलेल्या मुली तोवर पंचविशी-तिशीच्या झाल्या होत्या. महासाथीमुळे या वेळी दुकानासमोर रांग नव्हती. प्रत घरपोच आली आणि ज्याने त्याने ती आपापल्या खोलीत, एकट्याने वाचली.