जेवण पोटात किती वेळ थांबतं, हे कोण ठरवतं?

घास गिळला की तो आपसूक खाली पडतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डोकं खाली आणि पाय वर असतानाही घास जठरात पोचतो, कारण सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची अन्ननलिका स्नायूंच्या लाटेने त्याला पुढे ढकलत नेते. घट्ट घासाला आठ-दहा सेकंद लागतात. गळ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवून गिळून बघा: तो वर सरकतो. त्याच क्षणी श्वास थांबतो आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. बोलता बोलता गिळलं आणि हा क्रम चुकला, की ठसका लागतो.

खरी गंमत जठरात आहे. रिकामं असताना त्यात जेमतेम ५०-७५ मिलिलिटर जागा असते; जेवताना वरचा भाग सैलावतो आणि लिटर-दीड लिटर सहज मावतं. खालच्या भागात मिनिटाला साधारण तीन लाटा उठतात. प्रत्येक लाट अन्नाला तळाच्या झडपेकडे रेटते, पण झडप किंचितच उघडते. एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक कण पलीकडे जातात, बाकीचं जोरात मागे फेकलं जातं. या आपटण्यातूनच अन्न दळलं जातं. नीट न चावलेला घासही शेवटी बारीक होतो; फक्त वेळ जास्त लागतो. सोबतीला आम्ल असतंच. त्याने बहुतेक जंतू मरतात, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सिन हे विकर कामाला लागतं.

आता मूळ प्रश्न. झडपेतून किती सोडायचं, हे जठर एकटं ठरवत नाही. लगाम पुढच्या टप्प्याच्या, म्हणजे आद्यांत्राच्या हातात असतो. लहान आतड्याच्या या पहिल्या भागाचं अस्तर आलेला लगदा चाचपतं. आम्ल जास्त असेल तर सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात सुटतं आणि स्वादुपिंड अल्कधर्मी रस ओततं. स्निग्ध पदार्थ आले तर दुसरं संप्रेरक पित्ताशयाला पिळतं आणि जठराला सांगतं, थांब जरा. म्हणून नुसतं पाणी निम्मं पंधरा-वीस मिनिटांत पुढे सरकतं, साधं जेवण तीन-चार तास घेतं आणि तेलकट जेवण त्याहूनही रेंगाळतं. पोट जड वाटतं ते त्यामुळे. भरल्या पोटी लगेच आडवं झाल्यास आम्ल अन्ननलिकेत उलटतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगतात ते यासाठीच.

हा लगाम सुटला तर काय होतं, ते जठराच्या काही शस्त्रक्रियांनंतर दिसतं. झडप काढलेली किंवा वगळलेली असेल, तर गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो, साखर रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेते आणि अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा सुरू होतात. उलट प्रकारही असतो. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काहींच्या जठराच्या नसा दुर्बळ होतात, अन्न तासन् तास तिथेच पडून राहतं आणि इन्सुलिनची वेळ जेवणाशी जुळेनाशी होते.

लहान आतड्यात अन्नातली बहुतेक पोषकद्रव्यं शोषली जातात, पण मला अधिक थक्क करतो तो पाण्याचा हिशेब. प्यायलेलं पाणी, लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. मलावाटे बाहेर पडतो जेमतेम १००-२०० मिलिलिटर. जुलाबात हे शोषण कोलमडतं. तरीही ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत नेणारी वाट बहुधा शाबूत राहते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जलसंजीवनीत साखर आणि मीठ दोन्ही लागतात ते यामुळे. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर ते घातक ठरतं, अंदाजाने टाकू नये.

मोठ्या आतड्यात उरलेला माल दीड-दोन दिवसही राहू शकतो. जितका जास्त थांबेल तितकं पाणी शोषलं जाऊन मळ कडक होतो. इथे मात्र इशारा मागून येतो: जठर भरलं की मोठ्या आतड्यात जोरदार लाटा उठतात, आणि सकाळच्या खाण्यानंतर त्या विशेष जाणवतात. म्हणूनच बद्धकोष्ठ असणाऱ्यांना न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत, घाई न करता शौचाला बसायला सांगतात.