फोर्ट–चर्चगेट परिसरातील संग्रहालये, उद्याने व क्रीडास्थळे

मुंबईच्या दक्षिण भागात काळा घोडा, फोर्ट, चर्चगेट आणि मरीन लाइन्स हे विभाग एकमेकांना लागून आहेत आणि तेथील संग्रहालये, बागा, मैदाने व क्रिकेटची स्टेडियम चर्चगेट स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरात आहेत. दाटीवाटीच्या या शहरात एवढी मोकळी जागा राहिली याचे कारण जुन्या किल्ल्यात आहे. तोफांच्या माऱ्याला आड येऊ नये म्हणून तटाबाहेरचा पट्टा मोकळा ठेवला जाई. त्याला एस्प्लनेड म्हणत. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, तटबंदी पाडण्यात आली. त्या जागेच्या एका भागावर सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या, तर उरलेल्या मोकळ्या पट्ट्याची पुढे रस्त्यांमुळे आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज अशी मैदाने झाली.

येथील सर्वांत मोठे संग्रहालय म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुने मुंबईकर त्याला अजूनही प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवण्यात आली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची ही इमारत १९१४ साली पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेल्याने संग्रहालय लोकांसाठी खुले व्हायला १९२२ साल उजाडले. कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड, तसेच विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला घुमट यांमुळे ती दुरूनही ओळखू येते. दालनांत सिंधमधील मीरपूरखासची बौद्ध मृण्शिल्पे, लघुचित्रे, शस्त्रे आणि टाटा बंधूंनी दिलेला संग्रह आहे. बहुतेक पाहुणे थेट मूर्तींकडे वळतात. परंतु मधल्या दिवाणखान्यात क्षणभर थांबून वर पाहावे. तेथील कोरीव लाकडी कमानी विटेट यांनी नाशिकच्या एका वाड्यातून आणून या दगडी इमारतीत बसवल्या आहेत, आणि परदेशी शिक्षण घेतलेल्या वास्तुविशारदाने इथल्या सुताराचे काम किती आदराने हाताळले हे तेथे दिसते. संग्रहालयाभोवतीच्या अर्धचंद्राकृती आवारातील बागेमुळे रस्त्याची गजबज आत फारशी जाणवत नाही.

समोरच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९५२ साली सुरू झालेली जहांगीर कलादालन ही संस्थाही जवळच आहे. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणे व चलन संग्रहालय २००४ साली सुरू झाले; लहान असले तरी मुलांना पैशाचा इतिहास समजावून देण्यासाठी ते फार उपयोगी आहे. शासकीय संग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात.

बागांमध्ये हॉर्निमन सर्कल महत्त्वाचे आहे. पूर्वी येथे बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे पटांगण होते आणि त्यावर कापसाच्या गठ्ठ्यांचा व्यापार चाले. पुढे तेथे गोलाकार इमारती आणि मध्ये बाग झाली. १९१९ साली ब्रिटिश सरकारने हद्दपार केलेले ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव तिला स्वातंत्र्यानंतर दिले गेले. समोर एशियाटिक सोसायटीचा १८३३ सालचा टाउन हॉल आहे. कूपरेजला बँडस्टँडची छोटी बाग आणि फुटबॉलचे मैदान असून रोव्हर्स चषकाच्या सामन्यांमुळे ते मैदान अनेक पिढ्यांना माहीत आहे.

या परिसराची खरी ओळख मात्र क्रिकेटने घडवली आहे. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला आणि त्यात लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा केल्या. १९३७ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम सुरू झाले. तिकिटांच्या वाटपावरून या क्लबशी झालेल्या वादातून मुंबई क्रिकेट संघटनेने स्वतःचे वानखेडे स्टेडियम उभारले. तेथे पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये झाली आणि २ एप्रिल २०११ रोजी भारताने तेथे विश्वचषक जिंकला. स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी तिकीट घेऊनच जाता येते. मैदानांवर मात्र कोणीही उभे राहू शकते. आझाद मैदान २२ खेळपट्ट्यांसाठी ओळखले जाते, आणि तेथे एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकापाशी उभा असतो. १९८८ साली हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी याच मैदानावर ६६४ धावांची अखंड भागीदारी केली.

ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय व राजाबाई टॉवर अशा व्हिक्टोरियन गॉथिक शैलीच्या इमारतींची रांग आणि पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग आहे. हा वास्तुसमूह २०१८ साली जागतिक वारसा यादीत आला. मैदानावरचे क्रिकेट पाहणाऱ्याने शक्यतो पावसाळ्यातला रविवार निवडावा. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग ही क्लबांची क्रिकेट स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात भरते. त्या वेळी खेळपट्टी ओली, गवत गुडघ्याला लागेल इतके वाढलेले आणि चेंडू भिजून जड झालेला असतो. टोलवलेला चेंडू चिखलात रुतून थांबतो, म्हणून फलंदाज तो हवेतून मारायला शिकतात. एखादी जोरदार सर आली की खेळाडू तंबूकडे धावतात, पंच आकाशाकडे पाहत थांबतात, आणि ओसरल्यावर भुसा टाकून खेळ पुन्हा सुरू होतो.